घरच्या सगळ्यांसाठी निखळ विनोदी चित्रपट: शोधण्यापासून बघण्यापर्यंत

सहा वर्षांचं मूल, तेरा वर्षांची मुलगी, आई-बाबा आणि सत्तरीतले आजी-आजोबा एकाच खोलीत बसले की चित्रपट निवडणं अवघड होतं. अर्धा तास रिमोट हातोहात फिरतो, शेवटी कंटाळून काहीतरी लावलं जातं, विसाव्या मिनिटाला एक द्व्यर्थी संवाद येतो आणि सगळे एकमेकांची नजर चुकवतात. कधी याच्या उलट घडतं: चित्रपट अगदी स्वच्छ असतो, पण हसतं फक्त सहा वर्षांचं मूल आणि बाकीचे फोन काढून बसतात. दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात. प्रमाणपत्रावरचं अक्षर आणि पोस्टरवरचा 'फॅमिली कॉमेडी' हा शिक्का पाहून आपण निवड करतो. प्रमाणपत्र चित्रपटात काय नाही एवढंच सांगतं. हसण्यासारखं काय आहे आणि आपण कोणाला हसणार आहोत, हे शोधायची पद्धत वेगळी आहे. पहिल्या वेळी तिला तासभर द्यावा लागतो. एकदा यादी तयार झाली की दर वेळी दहा मिनिटं पुरतात.

पहिली पायरी: आधी प्रेक्षक लिहून काढा

कागदावर तीन गोष्टी लिहा: सगळ्यात लहान प्रेक्षकाचं वय, सगळ्यात मोठ्या प्रेक्षकाला कोणती भाषा सहज ऐकू आणि समजू येते, आणि सध्या घरात कोणता विषय हळवा आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. नुकतंच कोणी गेलं असेल, पाळीव प्राणी आजारी असेल, शाळेत मुलाला कोणी चिडवत असेल, तर त्याच विषयावरचा विनोद इतरांना हसवेल आणि त्या एका माणसाला रडवेल.

वयानुसार विनोद कसा समजतो याचा साधारण अंदाज असा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पडणं, घसरणं, लपाछपी, प्राण्यांचे चाळे आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणं यांत मजा येते. त्यांना ४५ ते ७० मिनिटांच्या पुढे बसवू नका. सहा ते आठ या वयात कोडी आणि सोप्या कोट्या कळू लागतात, मोठी माणसं फसली की ही मुलं खदखदून हसतात. पण आवडत्या पात्राचा अपमान झाला तर तो त्यांना अजून खराच वाटतो. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना गैरसमजांची साखळी, वेषांतर, एकाच माणसाची दोन सोंगं हे सगळं नीट सांभाळता येतं. तेरा ते सतरा वयोगटाचा प्रश्न समजण्याचा नसतोच, संकोचाचा असतो. आई-वडिलांशेजारी बसून चुंबनाचं दृश्य बघणं मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त अवघड जातं. म्हणून 'ती आता मोठी झाली, तिला चालेल' हा हिशेब घरच्या बैठकीला लावू नका.

वयस्कर प्रेक्षकांची अडचण बहुधा वेगाची असते. झटपट कापलेली दृश्यं, एकावर एक चढलेले संवाद आणि मागे मोठं संगीत असेल तर त्यांच्या हातून विनोद निसटतो, आणि 'काय म्हणाला?' असं दर वेळी विचारायला नको म्हणून ते गप्प बसतात.

यातून एक नियम निघतो: मर्यादा सगळ्यात लहानाच्या वयाने ठरवा, पण विनोद फक्त त्याच्या वयाचा नको. ज्या चित्रपटात निदान दोन थर आहेत, म्हणजे डोळ्यांना दिसणारी गंमत आणि शब्दांत किंवा स्वभावात दडलेली गंमत, तोच सगळ्यांना धरून ठेवतो.

दुसरी पायरी: विनोदाची जात ओळखा

'कॉमेडी' हा शब्द फार ढोबळ आहे. स्ट्रीमिंग सेवेत त्या एका फळीवर सगळंच मांडलेलं असतं. निवड करताना पुढची वर्गवारी डोक्यात ठेवा.

घरच्या सगळ्यांसाठी सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे फार्स: एक लहानसं खोटं, ते झाकायला दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी सगळी पात्रं एकाच खोलीत. लहान मुलांना धावपळ दिसते, मोठ्यांना त्या धावपळीतली अगतिकता दिसते. मात्र फार्समध्ये एक धोका असतो. खोटं बरेचदा विवाहबाह्य संबंध झाकण्यासाठी बोललेलं असतं. म्हणून कथेचा सारांश वाचताना पहिलं खोटं कशासाठी आहे ते पाहा. नोकरी, घर, परीक्षा, वारसा, हरवलेली वस्तू असं काही असेल तर बहुधा काळजी नाही.

दुसरा भरवशाचा प्रकार म्हणजे परक्या जगात येऊन पडलेलं पात्र. शहरात आलेला प्राणी, भलत्या काळात पोचलेला माणूस, शिस्तीच्या घरात शिरलेला गबाळ्या. इथे हसू रोजच्या सवयींवर असतं, म्हणून कोणी दुखावत नाही.

स्लॅपस्टिक, म्हणजे धडपडीचा अंगविक्षेपी विनोद, भाषेशिवाय पोचतो. पण त्यात इजा किती खरी दाखवली आहे ते तपासा. विस्तव, विजेची तार, जिन्यावर पसरलेल्या वस्तू, उंचावरून टाकलेली जड वस्तू या गोष्टी चार-पाच वर्षांचं मूल दुसऱ्या दिवशी करून पाहू शकतं. असा चित्रपट टाळलाच पाहिजे असं नाही. पण हे खोटं कसं चित्रित करतात ते मुलांना आधी सांगा.

विडंबनपट मुलांना सहसा कंटाळवाणे होतात, कारण ज्याची नक्कल चालली आहे ते मूळ त्यांनी पाहिलेलं नसतं. उपहासालाही संदर्भ लागतो. ब्लॅक कॉमेडीत मृत्यू आणि गुन्हा हाच विनोदाचा कच्चा माल असतो, ती या बैठकीसाठी नाही. रोमँटिक कॉमेडीची प्रत फार खालीवर होते. एकेक चित्रपट तपासूनच घ्या. आणि ज्यात पात्राची सतत फजिती करून प्रेक्षकाला अवघडवून टाकतात, तो प्रकार संवेदनशील मुलांना छळासारखा वाटतो.

या सगळ्यांहून महत्त्वाचा प्रश्न एकच: हसू कोणाला उद्देशून आहे? बढाईखोर, लोभी, खोटारडा, उगाच रुबाब करणारा माणूस तोंडावर आपटला तर सगळे मोकळेपणाने हसतात. पण जाड माणूस, तोतरं बोलणारा, सावळी मुलगी, बायकी चालीचा पुरुष, घरकाम करणारी बाई, अमुक एका समाजाची बोली यांच्या अंगभूत गोष्टींवर हसवलं जात असेल, तर प्रमाणपत्र कितीही स्वच्छ असो, तो निखळ विनोद नव्हे. खोलीतलं एखादं मूल स्वतःच जाड किंवा तोतरं असतं. सगळे हसत असताना ते मूल काय शिकत असतं, याचा विचार निवड करणाऱ्यानेच करायचा असतो. तो दुसरं कोणी करत नाही. परीक्षण मंडळांचा भर शिवी, नग्नता, रक्त, नशा यांवर असतो. हिणवण्याचं मोजमाप क्वचितच होतं.

तिसरी पायरी: प्रमाणपत्र नीट वाचा

प्रमाणपत्र निरुपयोगी नाही, फक्त ते वाचायला यावं लागतं. प्रत्येक देशाचं मोजमाप वेगळं आहे आणि स्ट्रीमिंगवर ही सगळी अक्षरं एकत्र भेटतात.

ब्रिटनमध्ये 'यू' म्हणजे चार वर्षं आणि पुढच्या मुलांना साधारणपणे चालेल असा, आणि 'पीजी' म्हणजे आठ वर्षांच्या आसपासच्या मुलाला अस्वस्थ करणार नाही असा. त्यापुढे '१२ए' किंवा '१२', मग '१५' आणि '१८'. जर्मनीत ०, ६, १२, १६, १८ असे सरळ आकडे आहेत. अमेरिकेत 'जी' (सगळ्यांसाठी), 'पीजी' (पालकांच्या सल्ल्याने), 'पीजी-१३' (तेराखालच्यांसाठी सावधगिरी), 'आर' (सतराखालच्यांना मोठ्यांबरोबरच) आणि 'एनसी-१७' (फक्त मोठ्यांसाठी). भारतात 'यू' (सगळ्यांसाठी), 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाने), 'ए' (फक्त प्रौढांसाठी) आणि 'एस' (ठरावीक व्यावसायिकांसाठी). यातल्या 'यूए'चे २०२४ च्या नियमांपासून ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधीच्या चित्रपटावर नुसतं 'यूए' लिहिलेलं असतं आणि त्यातून बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांचं मार्गदर्शन हवं एवढंच कळतं. स्ट्रीमिंग सेवांना मात्र २०२१ च्या नियमांनी हेच वयोगट आधीच लागू झाले होते. म्हणून जुन्या चित्रपटासाठी सेवेने स्वतः दिलेलं वय पाहणं जास्त उपयोगाचं.

इथे तीन ठिकाणी फसगत होते.

पहिलं ठिकाण, चित्रपटाचं वर्ष. अमेरिकेत 'पीजी-१३' हा गट १ जुलै १९८४ रोजी सुरू झाला. त्याच उन्हाळ्यातल्या 'ग्रेमलिन्स' आणि 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' या 'पीजी' चित्रपटांतल्या दृश्यांवर पालकांनी तक्रारी केल्या होत्या. म्हणजे १९८४ पूर्वीच्या अमेरिकन 'पीजी'मध्ये आज 'पीजी-१३' ठरेल असा मजकूर सापडू शकतो. १९८० च्या 'एअरप्लेन!' या गाजलेल्या विनोदी चित्रपटाला 'पीजी' आहे आणि त्यात क्षणभर नग्नताही आहे. आणखी मागे गेलात तर १ नोव्हेंबर १९६८ पूर्वीच्या अमेरिकन चित्रपटांना हे गटच नव्हते; त्यांच्यापुढे 'अप्रूव्ह्ड' किंवा 'पास्ड' एवढंच दिसतं.

दुसरं, देशांतला फरक. २०१५ चा 'शॉन द शीप मूव्ही' ब्रिटनमध्ये 'यू' आहे आणि अमेरिकेत 'पीजी', कारण तिथल्या मंडळाला त्यातला थोडा वात्रट विनोद नोंदवावासा वाटला. एकाच चित्रपटाला दोन-तीन देशांत काय मिळालं ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. सगळीकडे सौम्य गट असेल तर पुढे जा. एखाद्या देशाने अचानक वरचा गट दिला असेल तर कारण शोधा.

तिसरं, अक्षराखालची ओळ. तीच खरी कामाची. अमेरिकन प्रमाणपत्राखाली 'रूड ह्यूमर' असेल तर पादणं, ढेकर, शी-शू एवढंच समजा. 'क्रूड' आला की बरेचदा विनोद कमरेखाली उतरतो. 'सजेस्टिव्ह' म्हणजे द्व्यर्थी संवाद किंवा सूचक दृश्य. 'थीमॅटिक एलिमेंट्स' हा शब्द सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. त्याचा अर्थ बहुधा मृत्यू, आजार, आई-वडिलांचं वेगळं होणं अशा जड विषयांचा स्पर्श. विनोदी चित्रपट म्हणून लावलेल्या गोष्टीत पहिल्या दहा मिनिटांत आई वारते, ते बरेचदा याच शब्दामागे दडलेलं असतं.

अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांसाठी, हाही गैरसमज सोडा. 'सॉसेज पार्टी' (२०१६) हा अ‍ॅनिमेशनपट अमेरिकेत 'आर' आहे, आणि त्याच्या चित्रांकडे नुसतं पाहून ते कळत नाही. तसंच 'फॅमिली' हा शब्द. अनेकदा चित्रपट कुटुंबाविषयी असतो, कुटुंबासाठी नसतो.

चौथी पायरी: तपशील काढा

नाव नक्की झालं की आठ-दहा मिनिटांचं हे काम करा. पुढची संकेतस्थळं इंग्रजीत आहेत, पण ब्राउझरमधलं भाषांतर कामापुरतं चालतं.

आयएमडीबीवर चित्रपटाच्या पानात 'पेरेंट्स गाइड' असतं. त्यात पाच भाग असतात: लैंगिकता व नग्नता, हिंसा, शिवीगाळ, दारू-तंबाखू-अमली पदार्थ, आणि भीतिदायक दृश्यं. प्रत्येक भागापुढे 'काहीच नाही'पासून 'तीव्र'पर्यंत मतं असतात. फक्त रंगीत शब्द पाहू नका, किती जणांनी मत दिलं ते पाहा. आठ-दहा मतांवरचं 'सौम्य' फारसं भरवशाचं नसतं, हजारांवरचं असतं. मग खालच्या नोंदी वाचा. 'एक पात्र आंघोळ करताना खांद्यापर्यंत दिसतं' आणि 'पात्र वारंवार अश्लील इशारे करतं' या दोन्ही नोंदी एकाच शब्दाखाली येऊ शकतात.

कॉमन सेन्स मीडिया चित्रपटाला वयाचा आकडा देते आणि गुणवत्तेचे तारे वेगळे देते. हे वेगळेपण महत्त्वाचं आहे: वय ६+ आणि दोन तारे, म्हणजे स्वच्छ पण रटाळ. तिथे पालकांनी आणि मुलांनी सुचवलेली वयंही दिसतात. तज्ज्ञाचं वय आणि पालकांचं वय यांत तीन वर्षांहून जास्त अंतर असेल, तर पालकांची सगळ्यात नापसंतीची दोन-तीन मतं वाचा. खटकणारं दृश्य त्यांत नेमकं सापडतं.

किड्स-इन-माइंड हे संकेतस्थळ वय सुचवतच नाही. लैंगिकता, हिंसा आणि भाषा यांना ० ते १० असे तीन आकडे देतं आणि खाली जवळजवळ प्रत्येक प्रसंग नोंदवतं. ज्यांना स्वतःची मर्यादा स्वतः ठरवायची आहे त्यांच्यासाठी हे उत्तम. एका बैठकीसाठी पहिला आणि तिसरा आकडा २ च्या आत ठेवा; दुसऱ्यात ३-४ पर्यंत गेलं तरी विनोदी चित्रपटात ती बहुधा पडझडच असते.

प्राणी मरतो का, आई-वडील मरतात का, विदूषक किंवा साप आहेत का, अशा प्रश्नांसाठी 'डझ द डॉग डाय' आहे. लोकांनी हो-नाही अशी मतं दिलेली असतात. हळवं मूल असलेल्या घराने हे पान चुकवू नये.

चित्रपट कुठल्या सेवेवर आहे ते जस्टवॉचवर देश निवडून कळतं. तिथे प्रकार आणि वयोगट लावून गाळणीही करता येते.

गुणांबद्दल थोडक्यात. रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे किती समीक्षकांना चित्रपट बरा किंवा चांगला वाटला याचं प्रमाण. ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. विनोद ही वैयक्तिक आवड असल्यामुळे सरासरीपेक्षा मतांचं वाटप पाहा. दहा आणि एक अशा दोन्ही टोकांना गर्दी असेल तर तो चित्रपट घरातही दोन तट पाडेल.

पाचवी पायरी: पंधरा मिनिटं स्वतः चाळून पाहा

ट्रेलरवर विसंबू नका. ट्रेलरला मिळणारी मान्यता ट्रेलरपुरती असते, आणि सगळ्यांना दाखवायचा ट्रेलर मुद्दाम स्वच्छ कापलेला असतो. शिवाय विनोदी चित्रपटाचे सगळ्यात चांगले चार विनोद त्यातच संपवलेले असतात. घरच्यांना तो दाखवूच नका.

त्याऐवजी असा नमुना घ्या. १०० मिनिटांचा चित्रपट असेल तर पहिली ५ मिनिटं, मग २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या मिनिटापासून प्रत्येकी ३ मिनिटं. सुरुवातीच्या पाच मिनिटांत भाषेचा सूर कळतो. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास मूळ घोटाळा मांडलेला असतो, त्यावरून विनोदाची जात कळते. पन्नासाव्याला चित्रपट स्वतःचीच पुनरावृत्ती करतोय का ते दिसतं. पंचाहत्तरावं मिनिट सगळ्यात महत्त्वाचं, कारण मुलांच्या विनोदी चित्रपटांतही शेवटच्या तिसऱ्या भागात खलनायक, पाठलाग, कोंडून ठेवणं, प्रिय पात्र मेल्यासारखं वाटणं हे हमखास येतं. सहा वर्षांखालचं मूल याच जागी घाबरतं आणि मग आधीचं सगळं हसणं विसरून रात्री फक्त तेवढंच आठवतं.

वेळ असेल तर श्रेयनामावलीही पाहा. तिथे चित्रीकरणातल्या चुका दाखवल्या असतील तर मूळ चित्रपटात नसलेली शिवी त्यांत असू शकते.

सहावी पायरी: नेमकी प्रत, भाषा आणि आवाज

एकाच नावाचे चित्रपट असतात, म्हणून शोधताना वर्ष घाला. 'गोलमाल' शोधलात तर १९७९ चाही येतो आणि २००६ पासूनची मालिकाही; दोघांचा विनोद अगदी वेगळ्या जातीचा आहे. आजी-आजोबांना एक कबूल करून दुसरा लागला तर पुढची बैठक जमवणं कठीण होतं.

'अनरेटेड' किंवा 'एक्स्टेंडेड' अशी प्रत दिसली तर थांबा. प्रमाणपत्र चित्रपटगृहातल्या प्रतीला मिळालेलं असतं, जादा दृश्यांना नव्हे. लांबी जुळवून पाहा. दोन-चार मिनिटं कमी असतील तर घाबरू नका: सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट काही देशांच्या टीव्ही आणि डीव्हीडीसाठी २५ ने चालवला जातो, त्यामुळे १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो. जास्त मिनिटं असतील तर मात्र चौकशी करा.

डब केलेला विनोदी चित्रपट कोट्यांवर उभा असेल तर पडतो. प्रसंगांवर उभा असेल तर टिकतो. सबटायटलची गोष्ट आणखी वेगळी. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलच्या नियमांत मोठ्यांसाठी सेकंदाला २० आणि मुलांच्या कार्यक्रमांसाठी १७ अक्षरांची मर्यादा आहे, आणि एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं. म्हणजे भरलेल्या दोन ओळी वाचायला मुलांना सुमारे पाच सेकंद मिळायला हवेत. मोठ्यांच्या चित्रपटात तेवढे मिळत नाहीत, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांसाठी सबटायटलवर चित्रपट लावू नका. शिवाय भरभर वाचणाऱ्याला विनोद पात्राच्या तोंडून येण्याआधीच वाचून होतो आणि तो एकटाच आधी हसतो. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी सबटायटल लागणारच असतील, तर संवादांपेक्षा हालचालींवर चालणारा चित्रपट निवडा.

आवाजात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक: चित्रपटाचा आवाज सहा वाहिन्यांचा, म्हणजे ५.१, आणि टीव्हीला दोनच स्पीकर. संवाद मधल्या वाहिनीत असतात, ते दबतात आणि संगीत मात्र घुमतं. ऑडिओच्या पर्यायांत स्टीरिओ निवडा, किंवा टीव्हीच्या सेटिंगमधलं 'डायलॉग' अथवा 'क्लिअर व्हॉइस' अशा नावाचं बटण चालू करा. नुसता आवाज वाढवल्याने संगीतच वाढतं.

सुरुवात कुठून करावी

पहिल्यांदाच अशी बैठक जमवत असाल तर बोलपटाऐवजी मूकपटापासून सुरुवात करा. भाषा, सबटायटल आणि द्व्यर्थी संवाद हे तीनही प्रश्न एका फटक्यात मिटतात, आणि चार वर्षांचं मूल व ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच क्षणी हसतात. असं दुसऱ्या कुठल्याच प्रकारात इतक्या खात्रीने घडत नाही. बस्टर कीटनचा 'शरलॉक ज्युनियर' (१९२४) जेमतेम ४५ मिनिटांचा आहे, पहिल्या प्रयोगाला तोच योग्य. हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट!' (१९२३) सव्वा तासाच्या आत संपतो, आणि इमारतीवर चढण्याच्या त्यातल्या लांबलचक प्रसंगात खोलीतलं कोणीही खाली पाहत नाही. चॅप्लिनचा 'द सर्कस' (१९२८) साधारण तितकाच, आणि विदूषकगिरी आवडणाऱ्या मुलांना लगेच कळणारा. त्याचा 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवा. त्यात तुरुंगाच्या प्रसंगात चुकून अमली पूड खाल्ली जाते, आणि मुलं विचारतीलच. बोलपटांत लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) हा लघुपट अर्ध्या तासाचा आहे: दोन माणसं, एक पियानो आणि भलामोठा जिना. मुख्य चित्रपटाआधी लावायला उत्तम. आजच्या काळातलं काही हवं असेल तर वर आलेला 'शॉन द शीप मूव्ही' ८५ मिनिटांचा आहे आणि त्यात कोणीही समजेल असं एक वाक्य बोलत नाही.

मूकपटांची प्रत मात्र निवडून घ्या. १९२० च्या दशकातले अनेक मूकपट अमेरिकेत स्वामित्वहक्काबाहेर गेल्यामुळे त्यांच्या बऱ्यावाईट अनेक प्रती फिरतात. मूळ चित्रण बरेचदा सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींनी केलेलं असे; ते तसंच २४ ने चालवलं की माणसं तुरुतुरु धावताना दिसतात आणि विनोदाचा ताल बिघडतो. दुरुस्त केलेली, योग्य वेगाची आणि संगीत जोडलेली प्रत शोधा. मधल्या अक्षरपाट्या एकाने मोठ्याने वाचायच्या. हे काम वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला मदतीने दिलं तर ते जास्त मन लावून बघतं. आणि एक सावधगिरी: त्या काळच्या काही विनोदी चित्रपटांत चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टिंगल केलेली आहे. पंधरा मिनिटांची चाळणी इथेही हवी.

सातवी पायरी: निवड सगळ्यांची, पण तीनातूनच

संपूर्ण सूची उघडून 'काय बघायचं?' असं विचारणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तपासलेल्या यादीतून तीनच नावं मांडा: एक लहानांकडे झुकणारं, एक मोठ्यांकडे, एक मधलं. प्रत्येक नावाची कथा दोन वाक्यांत सांगा. मग प्रत्येकाला एक नकार वापरायची मुभा, पण महिन्यातून एकदाच. उरलेल्यांतून ज्याची पाळी असेल तो निवडतो. पाळी लिहून ठेवा, नाहीतर ती नेहमी सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचीच येते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून करा. सगळ्यात लहान मूल नऊला झोपत असेल तर चित्रपट साडेआठला संपला पाहिजे. ९० मिनिटांच्या चित्रपटाला मध्यंतर आणि उठबस धरून पावणेदोन तास लागतात, म्हणजे पावणेसातला सुरुवात. मध्यंतर ४० ते ५० मिनिटांच्या दरम्यान, प्रसंग संपल्यावर घ्या; विनोद रंगात आला असताना थांबवलात तर तो पुन्हा चढत नाही.

सुरू करण्याआधी सेवेच्या प्रोफाइलमध्ये वयोमर्यादा आणि पिन लावून घ्या, आणि आपोआप वाजणाऱ्या झलकी व पुढचं आपोआप सुरू होणं बंद करा. चित्रपट नीट निवडलेला असतो आणि संपल्याबरोबर पडद्यावर भलतंच काहीतरी सुरू होतं, हे फार घरांत घडतं.

मध्येच काही खटकलं तर

रिमोट एकाच मोठ्या माणसाकडे असू द्या. नको असलेलं दृश्य आलं तर घाईने ओरडत पुढे ढकलू नका. त्या गडबडीनेच मुलांचं लक्ष तिकडे जातं. चाळताना मिनिट लिहून ठेवलं असेल तर दहा सेकंद आधीच शांतपणे पुढे जाता येतं. अनपेक्षित काही आलं तर थांबवा, एका वाक्यात सांगा: 'हे मला आवडलं नाही, पुढे जाऊया.' कोणावर तरी क्रूर विनोद झाला असेल तर तेही तसंच, एका वाक्यात. लांब उपदेश केलात तर पुढच्या वेळी कोणी शेजारी बसणार नाही.

वीस मिनिटांत कोणीच हसलं नाही तर बदला. मात्र वीस मिनिटं द्याच. फार्सला घोटाळा रचायलाच पंधरा लागतात आणि बहुतेक घरं नेमकी त्याआधी कंटाळतात. बदलायचा पर्याय आधीच ठरलेला हवा, अर्ध्या तासाचा एखादा लघुपट सगळ्यात बरा. आधी पाहिलेल्या माणसाने 'आता बघ, आता बघ' म्हणायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाका. विनोद अचानक येण्यावर चालतो.

शेवटी एक वही. प्रत्येक चित्रपटाला एक ओळ: नाव, वर्ष, कुठल्या सेवेवर, कोणत्या भाषेत पाहिला, कोणतं मिनिट वगळायचं, आणि कोण कुठे हसलं. शेवटचा रकाना सोडू नका. सात-आठ नोंदी झाल्या की दिसू लागतं, की धाकट्याला प्राण्यांचे चाळे चालतात पण पाठलाग चालत नाही, आजोबा शब्दांपेक्षा चेहऱ्यांवर हसतात आणि तेरा वर्षांची मुलगी मोठी माणसं फसली की खुलते. पुढचा शोध 'कॉमेडी' या शब्दाऐवजी त्या रकान्यापासून सुरू करा.